चादरीवरची चार बोटं

आण्णा, मी साखऱ्याहून निघाले तो दिवस आठवतो का तुला? अंगणात बैलगाडी जुंपलेली, रडून रडून माझे डोळे सुजलेले, आणि हिंगोलीहून आणलेला फोटोवाला आपल्या तिपाईशी झटापट करून राहिला होता. हैद्राबादला बिऱ्हाड करायचं तर जोडीचा फोटो पाहिजेच, हा तुझ्या दाजींचा हट्ट. मागची मातीची भिंत दिसू नये म्हणून पांढरी चादर धरायची होती, अन् वारा तर असा सुटलेला! उजवं टोक काकांनी धरलं. डावं धरायला आई पुढं झाली, तशी आत्या ओरडली, "अगं, पांढऱ्या कपाळानं जोडीच्या फोटोत येऊ न्हाई!"

"मी कुटं फोटोत येऊन राहिले? मी चादरीमागं हाय," आई म्हणाली आणि खरंच मागं गेली. फोटो निघाला, गाडी हलली. चादरीची घडी छातीशी धरून ती वेशीपर्यंत चालत आली होती.

फोटो हैद्राबादला टपालानं आला. इथं ज्यानं त्यानं तो आपापल्या परीनं वाचला. हे म्हणाले, टोपी जरा तिरपी झाली. शेजारची बीबी म्हणाली, "दुल्हन कित्ता रोई जी!" मी मात्र डाव्या कडेला बघत बसले. चादरीच्या वरच्या काठावर चार बोटं होती. करंगळी वाकडी, विळा लागून झालेली. आण्णा, आईचा तेवढाच फोटो जगात होता. कुणाला सांगितलं न्हाई, पण रोज दिवा लावला की त्या बोटांना हात लावायची. इथं सगळंच परकं, बोलीसुद्धा. आता मीच भाजीवाल्याला "नक्को" म्हणते, पण तेव्हा त्या बोटांशीच आपलं बोलायची.

एका दिवाळीला ह्यांनी मला नवल म्हणून तो फोटो चौकटीत बसवून आणला. काचेखाली सगळं चकाचक, आणि डावी कड गायब! तशीच तणतणत दुकानात गेले. दुकानदार हसून म्हणाला, "किसी के उंगल्यां आ गए थे अम्मा, काट के साफ कर दिया." कातरण मागितलं तर ते चिकटवायचा सरस तापवायच्या चुलीत गेलेलं. माझा राग तुला ठाऊक आहे. दोन दिवस चूल पेटवली न्हाई, ह्यांच्याशी बोलले न्हाई. बिचारे हौसेनं गेले होते, त्यांना काय ठाऊक!

तुला सगळं लिहिलं. तू आईला वाचून दाखवलंस, अन् तिनं सांगितलेलं उत्तर जसंच्या तसं धाडलंस: "बोटं काय कवटाळून बसली, येडे? मी आख्खी हाय इथं. ये की बघाया."

न्हाई गेले. आधी बाळंतपण, मग ह्यांची रजा, मग धाकटीचा गोवर. पुढं रझाकारांच्या धामधुमीत वाटाच बंद झाल्या, गावंच्या गावं पैनगंगा उतरून वऱ्हाडात गेली, आणि तिथं शाळेच्या ओसरीत आई तापानं गेली. तुझं पत्र मला महिन्यानं मिळालं. लोकांना सांगते, गाड्या बंद होत्या म्हणून भेट झाली न्हाई. तुला कशाला खोटं सांगू? त्याआधी पाच वर्षं गाड्या चालू होत्या की रे!

आता तू लिहितोस, "आईचा एखादा फोटो तुझ्याकडं असंल तर धाड, भिंतीला लावू." काय धाडू? कुंकू न्हाई म्हणून तिला फोटोच्या मागं उभं केलं आपण, अन् तू अन् मी एका शब्दानं अडवलं न्हाई.

तरी हाच फोटो धाडते. चौकट काढली आहे, पुन्हा बसवू नको. साखरा आठवला की मला घर दिसत न्हाई, अंगण दिसत न्हाई, हीच चादर दिसते. नीट बघ, आण्णा. उजवीकडं काकांची बोटं आहेत. डावीकडं कुणीच न्हाई, पण चादर त्या बाजूला जरासुद्धा खाली आलेली न्हाई.