क्लचवरचा पाय

एखाद्या माणसावर लिहावं एवढी माझी लायकी नाही, चुकलं तर माफ करा. मुरुम गावातल्या आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना बोलायच्या आधी ‘व्हय का न्हाय’ म्हणायची सवय आहे, आणि गाडीचा आवाज ऐकताना ते डोळे मिटतात.

अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, जुन्या जीपचं इंजिन मधूनच किरकिरायचं. त्या जीपवरच आमचं घर चालतं. दुसऱ्या एका मिस्त्रीनं इंजिन खोलायला सांगितलं, तेव्हा खर्चाच्या धास्तीनं अण्णा जीप विकायला निघाले होते. मिस्त्री त्यांच्या शेजारी बसून गावाबाहेर चक्कर मारून आले. त्या दिवशी मात्र डोळे उघडे होते आणि नजर अण्णांच्या पायावर.

गॅरेजात चार गिऱ्हाइकं उभी होती. मिस्त्री म्हणाले, “व्हय का न्हाय अण्णा, इंजन ठणठणीत हाय. क्लचचं बेअरिंग तेवढं बदलू.”

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्यांचा पाय सारखा क्लचवर असतो, म्हणून बेअरिंग वरडतंय. एवढ्या जुन्या ड्रायव्हरला चारचौघांत कसं सांगू? घरी तू सांग.”

मी मान हलवली, पण घरी अण्णांना सांगायचा धीर झाला नाही. सुट्टी संपली तसा होस्टेलला परतलो.

काल अण्णांचा फोन आला. “आवाज गेला बघ. मिस्त्रीचा फोन आल्ता. म्हणला, पाय उचलून चालवा अण्णा, तुमचं पोरगं काय तुमाला सांगणार न्हाय.”