गुलाबरावांची लोखंडी पेटी

गुलाबरावांनी बत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड म्हणून काढली, पण एका वॅगनचं सील कधी तोडलं नाही. मूळचे भुसावळचे. जयपूरला रिटायर झाले आणि तिथल्याच कानोता गावाजवळच्या दुर्मिळ झाडांच्या वाटिकेत राखणदार म्हणून लागले. बायको रत्नमाला, गार्डची काळी लोखंडी पेटी आणि नियम, तिन्ही बरोबर आले.

वाटिकेत एक झुडूप होतं, जगात एकाच बेटावर उगवणारं. इथलं झाड मादी, आणि बेटावर नर उरलेला एकच. गुलाबरावांनी पाच वर्षं ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ते जगवलं.

"स्वतःच्या पोरीचं स्थळ बघताना एवढा जीव नव्हता टाकला," रत्नमाला म्हणायची.

यंदा मे महिन्यात पहिल्यांदा कळ्या आल्या. वाटिकेच्या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टर स्वानंदी त्या नराचा पराग आणायला बेटावर गेल्या. "फुलं एकच दिवस टिकतात हं, काका," जाताना त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही.

फुलं उमलली त्याच सकाळी कुरिअरवाल्याने लाखेचं सील लावलेलं पाकीट आणून दिलं. वर नाव डॉक्टर स्वानंदींचं.

"अहो, परागच असणार. उघडा की!"

"माझ्या नावाचं नाही."

"फुलं काय तुमच्या सहीसाठी थांबणारेत?"

"मॅडम येतील. सील म्हणजे सील."

त्यांनी पाकीट पेटीत ठेवलं, कुलूप लावलं. पेटी पत्र्याच्या खोलीत होती, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री. संध्याकाळी फुलं गळाली.

तिसऱ्या दिवशी स्वानंदी आल्या. आणखी एखादं झाड सापडतंय का बघायला त्या बेटावरच थांबल्या होत्या आणि पाकीट पुढे पाठवलं होतं. पराग बेटाबाहेर नेण्याचा परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून वर नावही त्यांचंच. आत करपलेल्या परागाची कुपी निघाली आणि एक चिठ्ठी: 'गुलाबरावकाका, मला उशीर होईल. ब्रशने तुम्हीच लावा. तुमचा हात हलका आहे.'

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पावसाळ्यात बेटावरचा नर वादळात उन्मळून पडला.

झुडूप अजून आहे. गुलाबराव त्याला रोज पाणी घालतात. हल्ली कुणाच्याही नावाचं टपाल येवो, ते आधी फोडतात. आत बहुतेक खताची जाहिरात निघते. एरवी टोमणा मारायची संधी सोडेल ती रत्नमाला कसली. पण तेवढ्यापुरती ती चहा ठेवायला आत जाते.