देशाने चौथ्यांदा नेमलेला पंच

परदेशी कंपनीने देशावर दावा लावला की तीन पंच बसतात: एक कंपनीने निवडलेला, एक देशाने, तिसरा अध्यक्ष. आपला पंच आपणच आणायचा आणि वर निवाड्याला निःपक्ष म्हणायचं! राजधानी कीतोची सरकारी वकील मारुहा तिपान हिला या रीतीची मनस्वी चीड होती. तिचं उभं आयुष्य अशा दाव्यांत गेलं. लग्न राहून गेलं. आई गेली तेव्हाही ती व्हिएन्नाला याच विषयावरच्या परिषदेत होती.

तिथे तिने नियम मांडला, की एकाच पक्षाने तीनदा नेमलेला माणूस पुन्हा त्या पक्षाचा पंच नको. कंपन्यांची ठरलेली माणसं हटवायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

नियम मंजूर व्हायच्या आधीच नदीकाठच्या खाणीचा दावा आला. सरकारने चौथ्यांदा एलिसेओ प्रोआन्यो यांना नेमलं. ते मारुहाचे गुरू. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली आणि मारुहाचंच भाषण वाचून दाखवलं. हरकतीचा निकाल लागण्याआधीच म्हाताऱ्याने पंचपद सोडलं.

मक्याच्या पानात उकडलेल्या गरम हुमिता घेऊन ती त्यांच्या घरी गेली.

"या वकिलीणबाई!" एलिसेओंनी कॉफी ओतली.

"सर, का सोडलंत? हरकत टिकली नसती."

"नियम तुझाच ना?"

"तो त्यांच्यासाठी होता!"

"वा गं वा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं? सुक्याबरोबर ओलंही जळायचंच, पोरी." मग ते हळू आवाजात म्हणाले, "तीनपैकी दोनदा मी देशाच्या विरुद्ध निकाल दिला. मंत्र्याने घरी फोन करून शिव्या घातल्या. हे सांगितलंस त्या परिषदेत?"

नव्हतं सांगितलं. भाषण लिहिताना आठवलं होतं, पण अपवाद घातला की मुद्दा लुळा पडतो म्हणून तिने ते गाळलं होतं. आता तिला स्वतःची लाज वाटली.

"नियम चांगलाय, सोडू नकोस," ते म्हणाले. "पण मी विकला गेलेला माणूस नाही, हे आता कोणाकोणाला सांगत फिरू?"

पुढच्या परिषदेत मारुहाने त्यांचे ते दोन्ही निकाल भर सभेत वाचले. एलिसेओंना जाऊन तेव्हा महिना झाला होता. अंत्ययात्रेला तिच्याखेरीज वकिलांपैकी कोणी फिरकलं नव्हतं. नियम मात्र तिने मागे घेतला नाही. तो बरोबर होता, आणि तेच तिला आयुष्यभर जाळत राहिलं.