तिसऱ्या मजल्यावरचं काउंटर

कापडाच्या त्या मोठ्या दुकानात तिला सगळे तोफ म्हणत. एकदा तोंड उघडलं की बंदच व्हायचं नाही. नुसतं ऊन चुकवायला आत शिरलेला माणूसही तिच्या तावडीतून सुटायचा तो पडद्याचं कापड घेऊनच. पुढे तिच्या हातांवर कोड उठलं आणि शेठला एकाएकी गिऱ्हाइकांच्या नजरेची काळजी वाटू लागली. तोफेची रवानगी गोदामात झाली.

ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. भेदभावाविरुद्ध कायदा आहे, त्यासाठी सरकारी आयोग आहे, हे कळताच तिने तडक तक्रार ठोकली. चपला झिजल्या, नवरा वैतागला, पण निकाल तिच्या बाजूने लागला. हुद्दा तोच, पगार तोच, काउंटर परत.

शेठने काउंटर दिलं. तिसऱ्या मजल्यावर, फॅशन गेलेल्या कापडाचे तागे पडून होते तिथे. लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच. खालच्या मुलींना ताकीद होती, वर कोणाला पाठवायचं नाही. दिवसभर बोलायला चार भिंती. तिला रडू यायचं, आणि रडू येतं याचाच जास्त राग यायचा.

आयोगाच्या अधिकारी बाई पाहणीला आल्या.

"काउंटर आहे, पगार वेळेवर आहे. मग अडचण काय?"

"गिऱ्हाईक नाही हो!"

"ताई, गिऱ्हाइकाने कुठे जावं हे आम्ही कसं ठरवणार?"

"मग सोडते नोकरी."

"सोडलीत तर ती स्वखुशीने. शेठला तेच हवंय. आणि जरा आमचाही विचार करा, तुमचा फोटो छापलाय आम्ही."

खरंच छापला होता. प्रत्येक बसस्टॉपवर तोफ हसत होती आणि खाली लिहिलं होतं, 'मी तक्रार केली, मला न्याय मिळाला.'

"आता तू कुठली सुटतेस!" नवरा म्हणाला.

तो फोटो पाहून, विचारत विचारत, एक बाई धापा टाकत वर आली. बेकरीत कामाला होती. तिच्याही बोटांवर पांढरे डाग. मालकाने गल्ल्यावरून उठवून भांडी घासायला बसवलं होतं.

"ताई, करू का तक्रार? खरंच मिळतो न्याय?"

खरं सांगावं तर ही जन्मभर भांडी घासणार. खोटं सांगावं तर हीही कुठल्या तरी रिकाम्या खोलीत बसणार. आयुष्यात पहिल्यांदा तोफेला शब्द सुचेनात.

"मिळतो," ती शेवटी म्हणाली.

बाईने धुळीने माखलेल्या ताग्यांवरून नजर फिरवली, मग तिच्याकडे पाहिलं.

"तुमच्यासारखा?"