अकरा तासांत आलेला भाऊ

आई चांदवडच्या घरी न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही तिला नाशिकच्या दवाखान्यात आणलं. सकाळी सात वाजता मी धाकट्या भावाला फोन केला. तो दोन वर्षांपासून टोरांटोत नोकरीला होता. "ताई, मिळेल त्या विमानाने निघतो," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी सहाला मी आईला पेज भरवत होते, तर तो पाठीवर सॅक अडकवून दारात उभा.

"लय लवकर आलास रे बाबा," आई म्हणाली आणि रडायलाच लागली. मलाही भरून आलं.

पोरगा किती लांबून किती झटकन आला, हे कळवणच्या मावशीला सांगायचं होतं. म्हणून जिन्याजवळ उभं राहून मी मोबाइलवर टोरांटो ते मुंबई असं टाकलं. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. वेळ, एक थांबा धरून, अठरा तासांच्या वर. पुढे मुंबईहून नाशिक चार तास. काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा टाकलं. मग बोटांवर मोजलं. सात ते सहा, अकरा तास. तिकडच्या-इकडच्या वेळेचा घोळ म्हणावा, तर दोन्ही वेळा माझ्याच घड्याळातल्या होत्या. मी पायरीवरच बसले.

तो चहा घेऊन आला.

"कुठून आलास?" मी विचारलं.

"म्हणजे?"

मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्याने चहा पायरीवर ठेवला.

"शारजाहून," तो म्हणाला. "कॅनडातली नोकरी सहा महिन्यांतच गेली. आता शारजात एका गोदामात आहे."

"आणि ते बर्फाचे फोटो?"

"जुन्या रूममेटने पाठवलेले."

"शारजा किती लांब आहे?"

"मुंबईपासून तीन तास."

नोकरी गेल्याचं मला काही वाटलं नाही. पण मागच्या वर्षी अण्णा, आमचे वडील, वारले तेव्हा याला पोचायला दोन दिवस लागतील म्हणून आम्ही थांबलो नव्हतो. अग्नी चुलत भावाने दिला. मी स्वतः मोबाइल उंच धरून याला सगळं दाखवलं होतं.

"तेव्हा निघालो असतो तर तुम्हाला कळलं असतं," तो म्हणाला.

"आणि आज?"

"आज तास मोजायचं सुचलंच नाही, ताई."

चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईला स्वतःच सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग तवा का नाय आलास?" तो तिच्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही.

आई आता वॉकर धरून ओट्यापर्यंत जाते. तो शारजाला परत गेलाय, रोज फोन करतो. आई त्याच्याशी पहिल्यासारखंच बोलते. मला अजून ते जमत नाही.