गोधडीतला कॉम्प्युटर

भूकंपाला सात-आठ वर्षं होऊन गेली होती, तरी आमच्या लातूरच्या घरात उंचावर काही ठेवायची सोय नव्हती. बरण्या खाली, देव खाली, टीव्ही जमिनीपासून चार बोटांवर. तो बघताना पाहुण्यांच्या माना अवघडायच्या. हा कायदा माझा. बायकोसाठी कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचा डबा मी टेबलाखाली ठेवला, चारी बाजूंनी गोधडी लपेटली आणि सुतळीनं टेबलाच्या पायाला करकचून बांधला. समोर बटणापुरती खिडकी. कारागिरीचा मला अभिमान होता.

बायको त्यावर एका क्लासच्या सरांचे सराव-पेपर टाइप करायची. गल्लीगल्लीत क्लास निघालेले, टायपिंगची दुकानंही तेवढीच. पण फिजिक्सच्या आकृत्या बिनचूक म्हणून सर हिच्याकडं येत. हल्ली मात्र एक आकृती उघडेपर्यंत ती वरणाला फोडणी घालून यायची. दोनदा पेपर उशिरा गेला. मग सर म्हणाले, "ताई, रविवारी चारपर्यंत पेपर हातात पाहिजे. नाहीतर मला दुसरीकडं बघावं लागंल."

ती रात्री नीट जेवली नाही. मी कंबर कसली आणि नांदेड गाठलं. तिथं मेव्हण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मी हार्ड डिस्क मागितली, कारण सगळ्यांत वजनदार तीच दिसत होती.

"दाजी, जुन्या डिस्कवर जागा लई हाय तुमच्याकडं. रॅम वाढवा अन् प्रोसेसर बदला," तो म्हणाला. "प्रोसेसर तेज हाय, म्हणून पंखा बी मोठा देऊन राहिलो." काय कुठं बसवायचं ते त्यानं कागदावर काढून दिलं. एसटीत ती खोकी मी मांडीवर घेऊन आलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "देव आणलेत का?"

शनिवारी सगळं बसवलं. नवा माल म्हणून गोधडीची घडी दुहेरी केली.

रविवारी सकाळी मशीन धावायला लागलं. आकृती फटकन उघडली. बायको माझ्याकडं बघून हसली, आणि पडदा काळा झाला.

पुन्हा लावलं. वीस मिनिटं चाललं, बंद. मग दहाच मिनिटं. तिनं सेव्ह करायच्या आत दोन आकृत्या गेल्या. मी सुतळी सोडली, रॅम काढली, खोडरबरनं घासली, बसवली. चाललं! समाधानानं पुन्हा बांधून टाकलं. बंद. उघडं असलं की चालायचं, बांधलं की बंद पडायचं. यावरून मी निष्कर्ष काढला, की रॅमच खराब आहे.

दोन वाजले. सहा आकृत्या बाकी आणि चारला लोडशेडिंग.

"त्याला फोन लावा," बायको म्हणाली.

"मला जमतंय."

"तुम्हाला जमतंय म्हणूनच म्हणतेय."

लावला. मेव्हण्यानं मशीन चालू होता होता एक बटण दाबायला लावून सेटिंगचा निळा पडदा उघडवला. "एक आकडा असंल तिथं. किती हाय?"

तो मला लगेच सापडला. "ब्याण्णव," मी ऐटीत म्हणालो. "वेग चांगलाच वाढलाय."

"दाजी, ते तापमान हाय. डबा कशात गुंडाळलात का काय?"

"गोधडीत," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मग टेबलाखाली. स्वयंपाकघरातून सुरी आणून तिनं सुतळी कापली. गोधडी निघाली तेव्हा इस्त्रीखालून काढल्यासारखी गरम होती. झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला, मशीन थोडं निवू दिलं आणि ती पुन्हा बसली.

तीनला दोन आकृत्या राहिल्या. मशीन बंद पडलं नव्हतं. मी मात्र त्या उघड्या डब्याकडं बघत बसलो होतो. तेवढ्यात खिडकीची तावदानं थरथरली, ताटाळ्यातली ताटं वाजली. आमच्या घरात असं झालं की आधी दार गाठायचं. माझे पाय दाराकडं निघालेच होते. पण मी टेबलाखाली घुसलो आणि डबा दोन्ही हातांनी धरला.

बायको जागची हलली नव्हती. तिनं सेव्ह केलं. मग म्हणाली, "उसाचा ट्रक होता."

"माहीत आहे."

"मग या ना बाहेर."

"तुझं होऊ दे."

पावणेचारला प्रिंटर करकरायला लागला. सर दारात आले आणि टेबलाखालून निघालेल्या माझ्या पायांकडं बघत राहिले.

"आमचे हे," बायको पानं जुळवत म्हणाली. "मशीन धरून बसलेत."

सर हसले नाहीत. त्यांनी आकृत्या एकेक करून पाहिल्या, पेपर पिशवीत घातला आणि हातानं लिहिलेल्या पानांचा दुसरा गठ्ठा टेबलावर ठेवला. "पुढच्या रविवारी, ताई. चारलाच." जाता जाता वाकून मला म्हणाले, "माझं कपाटसुद्धा अजून तारेनं बांधलेलं आहे."

चारला लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. मग मी हात सोडले.