गादीवरची उडी

गाद्यांच्या त्या दुकानात तिला सगळे ‘स्प्रिंग’ म्हणायचे. नाव मालकांनीच ठेवलं होतं, आणि ते तिला शोभायचंही. गिऱ्हाईक दोन गाद्यांमध्ये घुटमळायला लागलं, की ही चपला काढायची, गादीच्या एका कडेला पाण्याने भरलेला ग्लास ठेवायला लावायची आणि दुसऱ्या कडेला धप्पकन उडी मारायची. ग्लासातलं पाणी हलायचं नाही. “बघा, नवऱ्याला कितीदाही कूस बदलू दे, तुमची झोप मोडायची नाही. घोरण्याचं मात्र माझ्या हातात नाही!” असं म्हणून ती स्वतःच आधी खळखळून हसायची. गिऱ्हाईक हसता हसता पैसे मोजायचं.

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली, त्याच आठवड्यात एक नवं जोडपं दुकानात आलं. मालकांनी हाक मारली, “चला, स्प्रिंग!” मामांनी ग्लास आणून ठेवला. मामा म्हणजे गाद्या उचलणारे, टेम्पोत चढवणारे गृहस्थ. साठी जवळ आलेली, बोलणं मोजकं.

तिने उडी मारली आणि कपडे खालून ओले झाल्याचं तिला कळलं. घरी शिंकताना, बाळाला उचलताना लघवीचे थेंब-दोन थेंब जायचे, ते तिला माहीत होतं. पण हे थेंब-दोन थेंब नव्हते. गादी पांढरीशुभ्र, आणि समोर चार माणसं उभी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटायला लागलं. धरणीने काही घेतलं नाही, तेव्हा तिने पाय लांब करून ग्लासालाच लाथ मारली.

“अगं बाई, सांडलं की!” ती ओरडली आणि घाईघाईने अंगातलं जॅकेट काढून कमरेला गुंडाळलं.

मालक उखडले ते मामांवर. “इतकी वर्षं झाली, ग्लास कुठे ठेवायचा ते कळत नाही? लक्ष कुठे असतं तुमचं? होत नसेल तर घरी बसा!”

मामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. ती जॅकेटची गाठ मारण्यात गढून गेली होती.

“चुकलं, मालक,” मामा म्हणाले आणि ओली गादी एकट्यानेच ओढत मागच्या खोलीत घेऊन गेले.

एक शब्द बोलली असती तर बिचाऱ्याची बोलणी वाचली असती. पण तो शब्द कुठून आणायचा? घरीसुद्धा तिने सासूबाईंना आडून आडूनच विचारलं होतं. सासूबाई मायाळू, पण त्यांनी एका वाक्यात निकाल लावला होता. “बाईच्या जन्माला आलीस ना? मूल झालं की हे चालायचंच. पोटाला पट्टा घट्ट बांध, पाणी कमी पी, आणि कुठे बोलू नकोस.” शेजारीण तर त्याच्याही पुढे गेली. “दुसरं होऊ दे, सगळं आपोआप जागेवर येतं!”

तिने सगळं केलं. पट्टा असा आवळला की श्वास घेताना डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. पाणी घोटभरावर आणलं. गुडघा दुखतो असं सांगून उड्या बंद केल्या. हसलं की गळतं, म्हणून हसणंही बंद केलं. “आई झाली आणि शिष्ट झाली,” असं दुकानातल्या बायका कुजबुजायच्या. ते तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मामा समोरून आले की मात्र ती गाद्यांच्या थप्पीमागे जायची. अंग धुऊन निघायचं, पण ही लाज काही धुतली जायची नाही.

शेवटी एका दुपारी ती दुकानातच तापाने फणफणली. लघवीला आग आग होत होती. नवरा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, तसलाच प्रकार. डॉक्टर नवऱ्याचा शाळासोबती होता.

त्याने मित्राला बाहेर बसवलं. “वहिनी, जंतुसंसर्ग झालाय. पाणी किती पिता?”

“पिते की, लागेल तेवढं.”

“खोकताना, हसताना कपडे ओले होतात का?”

“छे छे! मला तसलं काही नाही.”

त्याने वर पाहिलंच नाही. औषधं लिहिली आणि खाली एक नाव लिहून दिलं. “या बाई फिजिओथेरपिस्ट आहेत. बाळंतपणानंतरच्या तक्रारींसाठीच बायका त्यांच्याकडे जातात. मला नका सांगू, त्यांना सांगा.”

त्या बाईंपुढे बसल्यावर ती आधी रडली आणि मग बोलली. बाईंनी पहिल्यांदा तो पट्टा सोडायला लावला. “पोट असं आवळलं की दाब खालीच जातो. आणि पाणी तोडलंत तर मूत्राशय जास्तच चिडतं. पुष्कळ जणींना होतं हे, खरंय. पण पुष्कळ जणींना होतं म्हणजे सोसायलाच हवं, असं कोणी सांगितलं? बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडतात. ते पुन्हा कामाला लावायचे. वेळ लागेल, पण बहुतेकींना फरक पडतो.” आणि ते स्नायू आवळायचे-सोडायचे कसे, श्वास न कोंडता कसं करायचं, हे त्यांनी नीट शिकवलं.

बस थांब्यावर उभी राहून ती व्यायाम करायची, कोणाला पत्ता लागायचा नाही. महिने गेले. शिंक कोरडी गेली, मग खोकला. तरीही मामा दिसले की पाय थप्पीमागे वळायचेच. तेव्हा तिला कळलं, की हे दुखणं व्यायामाने जाणारं नाही.

मागच्या खोलीत मामा गाद्यांना प्लास्टिक गुंडाळत होते. “मामा, तो ग्लास मी मुद्दाम पाडला होता. माझ्यामुळे तुम्ही बोलणी खाल्लीत. मला तेव्हा...”

“माहीत आहे, पोरी.” मामांनी मान वर केली नाही. “ग्लासात फ्रिजचं पाणी होतं. गादी उचलली तर एका जागी हाताला कोमट लागली.”

तिचे कान तापले. इतके दिवस हा माणूस सगळं जाणून रोज “काय, बरं आहे ना?” असं विचारत होता, आणि ती थप्पीमागे लपत होती!

“मग मालकांना का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? म्हाताऱ्याने ग्लास पाडला म्हटलं की माणसं विसरून जातात. दुसरं विसरत नाहीत.” प्लास्टिकची कड दुमडत ते म्हणाले, “आमची ही लग्नाकार्याला जात नाही. सख्ख्या भावाकडेही मुक्काम नाही. लोक तिला माणूसघाणी म्हणतात. थोरला झाला तेव्हापासून चाललंय. आम्हांला वाटलं, याला इलाज नसतो.”

त्या दिवशी ती मालकांच्या टेबलापाशी गेली. “तो ग्लास मी पाडला होता, मामांनी नाही.” का, ते तिने सांगितलं नाही. तेवढा धीर तिला झाला नाही, आणि मालकांनीही विचारलं नाही. ते पुटपुटले, “बरं, बरं. बोलतो मी त्यांच्याशी.” बोलले की नाही, देव जाणे.

सुट्टीच्या दिवशी ती मामांच्या घरी गेली. मामींनी अर्ध्या दारातूनच सांगितलं, “मला काही झालेलं नाही गं.”

“मला झालंय,” ती म्हणाली. मान खाली होती, पण शब्द स्पष्ट होते. “अजून पूर्ण गेलेलं नाही. पण मला शिकवणाऱ्या बाई आहेत, तुम्ही चला माझ्याबरोबर.”

मामी कडीशी चाळा करायला लागल्या. “वाटेत कुठे सोय आहे का?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“आहे. मी बघून ठेवलीय.”

मग मामी चपला शोधायला आत गेल्या.